मंदाच्या जागेवरचा नंदी

हसायचं तर हसा, मित्रांनो, पण या खुंटीला लटकलेला हा काळा चौकोनी डबा म्हणजे मी, एक जुना कॅमेरा. माझं चामड्याचं पाकीट उंदरांनी कुरतडलंय, पट्टा तुटलाय आणि पोटातली स्प्रिंग गेली आहे. गावातली पोरं मला हातात घेतात आणि म्हणतात, "हे काय बापा, टिफिनचा डबा व्हय का?" मला राग येतो. का येऊ नये? आंबागडात एक काळ असा होता की मी घराबाहेर निघालो की म्हाताऱ्या बाया डोक्यावरचा पदर सारखा करायच्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते नागपूरच्या दुकानातलं काचेचं कपाट आणि समोर उभा असलेला इश्वर. हा आंबागडच्या गोमाजींचा मुलगा. नाकाडोंगरीकडच्या खाणीत कामाला होता. साल असेल एक्काहत्तर. घरी धानाची शेती, बैलांची जोडी, माणसं खाऊनपिऊन सुखी. इश्वरने मला गळ्यात घातलं आणि घरी आणलं, तेव्हा त्याची माय पंचफुला हिने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. एवढा मान मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

माझं काम ठरलेलं होतं. वर्षाला एक रोल आणि एका रोलात बारा फोटो. पोळ्याला सजवलेले बैल, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढणारी लेकरं, दिवाळीत गायगोधनाची पूजा, मग मंडईची जत्रा. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा इश्वरचा नियम. एक फोटोसुद्धा वाया गेलेला त्याला खपायचा नाही. हाच नियम पुढे आमच्या गळ्याशी आला.

गोमाजी म्हणजे तापट माणूस. तरुणपणी शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवताना कासऱ्यात अडकून त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलं होतं. ते अर्धं बोट नाचवत बोलू लागले की घर चिडीचूप व्हायचं. त्यांची एकच मुलगी, मंदा. तिच्या लग्नाचा शब्द त्यांनी एका घरी देऊन ठेवला होता. मंदाने मात्र आपल्या मर्जीने साकोलीच्या केवळरामशी लग्न केलं. मुलगा चांगला होता, कापडाच्या दुकानात कामाला होता, आपल्याच जातीतला होता. पण बापाचा शब्द गेला ना! गोमाजी ओसरीवर उभे राहून गरजले, "आजपासून ह्या घरात तिची जागा नाही!"

मंदाही त्यांचीच लेक. ती म्हणाली, "बाबांनी जा म्हटलं, आता ये म्हणतीन तेव्हाच येईन."

त्या वर्षीच्या पोळ्याला फोटोसाठी सगळे ओसरीच्या पायरीवर बसले. दरवर्षी मंदा मायच्या डाव्या बाजूला बसायची. इश्वरची बायको रुखमा तिथे सरकू लागली, तर पंचफुलाने तिला हाताने थांबवलं. आत गेली आणि मंदाचा लहानपणचा लाकडी नंदी घेऊन आली. त्याचं एक शिंग तुटलेलं होतं. तिने त्याला बेगड लावली, गळ्यात घुंगरू बांधलं आणि मंदाच्या जागेवर ठेवला.

"हे काय होय?" गोमाजी म्हणाले.

"जागा हाय," पंचफुला म्हणाली. "मी ठेवली."

गोमाजींनी मान फिरवली. मी टिपलेल्या फोटोत त्यांचा नुसता कान आहे. पुढे दरवर्षी असंच व्हायचं. पायरीवर सगळे, मध्ये नंदी आणि कडेला गोमाजींचा कान! प्रत्येक फोटोची एक प्रत साकोलीला जायची. मंदा तो फोटो भिंतीवर लावायची आणि आपल्याकडच्या सणाचा फोटो इश्वरच्या हाती द्यायची. सण दोन घरांत होत होता आणि त्यांच्यामधली ये-जा फोटो करत होते.

एका वर्षी तिच्या मुलाचा फोटो आला. तान्ह्या पोळ्याचा नवा कुर्ता घातलेला, काखेत नंदी घेतलेला गोबरा पोरगा. पंचफुलाने तो देव्हाऱ्याजवळ ठेवला. गोमाजींनी तो पाहिलासुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी तो फोटो तिथून नाहीसा झाला. घरच्यांना वाटलं, फेकून दिला असेल. मला ठाऊक होतं ना! समोरच्या खुंटीवरून मी पाहत होतो. म्हातारा दुपारी एकटा असला की पानाच्या चंचीतून तो फोटो काढायचा, धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि पुन्हा आत ठेवायचा.

मग ब्याऐंशीचा पोळा आला. बैलांची पूजा झाली आणि सगळे पायरीवर बसले. पंचफुला नंदी आणायला उठली, तर गोमाजीच आतून नंदी घेऊन येत होते. त्यांनी तो मंदाच्या जागेवर ठेवला, स्वतः शेजारी बसले आणि आपला उजवा हात, तो अर्ध्या बोटाचा हात, नंदीच्या पाठीवर ठेवला. इश्वर मला हातात धरून नुसता पाहत राहिला.

"पाहून काय राहिला? काढ ना," ते इश्वरवर खेकसले.

इश्वरने माझी कळ दाबली. मग हळूच विचारलं, "बाबा, बोलावू का मंदाले?"

"मी कायले बोलावू? फोटो धाड. समजन तिले."

पण इश्वरने फोटो धाडला नाही. रोलात तीन फोटो उरले होते ना! दिवाळी झाली की धुवायला देऊ, असं तो म्हणाला. आणि मग एका सकाळी गोमाजी धानाच्या बंधीत, धुऱ्यावर चालताना कोसळले. लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

इश्वर साकोलीला धावला. बहिणीला सगळं सांगितलं, नंदीवरच्या हाताचंही सांगितलं. मंदा रडली, पण उठली नाही. म्हणाली, "दादा, तू मनाचा चांगला हायेस. मले न्यायले खोटंही सांगशीन. बाबा आता बोलू शकत नाहीत, अना मी मन मारून आली, अना त्यांनी मान फिरवली तं? मले तो फोटो दाखव. मंग येते."

इश्वर परत आला आणि त्याने ठरवलं, उरलेले तीन फोटो गेले खड्ड्यात. दसरा होऊ दे, दुसऱ्याच दिवशी तुमसरला जाऊन रोल धुवून आणायचा. इकडे खाटेवरून गोमाजी डाव्या हाताने सारखे माझ्या खुंटीकडे बोट करायचे. धाडला का? हेच विचारायचे ते. कुणी पाणी द्यायचं, कुणी उशी सारखी करायचं. मी काय करणार? मला डोळा दिला आहे, मित्रांनो, जीभ दिलेली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी, इश्वरची खाणीतली पहार, सगळं धुवूनपुसून पाटावर मांडायचं. त्यात दरवर्षी मीही असायचो. पंचफुलाचा दंडक होता की हत्यार आतूनबाहेरून पुसल्याशिवाय पाटावर चढवायचं नाही. दरवर्षी इश्वर मला स्वतः पुसायचा. या वर्षी तो गोमाजींचं औषध आणायला गेला होता. मला घेतलं रुखमाने.

रुखमा मोठी कामसू बाई. तिने मला अंगणातल्या उन्हात नेलं, बाहेरून पुसलं, उलटवलं, सुलटवलं. मग तिची नजर माझ्या पाठीवरच्या खटक्यावर गेली. नको गं माये, नको! माझा जीव नुसता तडफडत होता. त्याला हात लावू नका, असं इश्वर सगळ्यांना शंभरदा सांगायचा. पण का लावू नये, हे त्याने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. खट्‌कन आवाज झाला. पाठ उघडली आणि ऊन भसकन माझ्या पोटात शिरलं. तिने ओल्या फडक्याने माझे चारही कोपरे निगुतीने पुसले, पाठ लावली, हळदकुंकू वाहिलं आणि मला फाळाशेजारी बसवलं.

इश्वर आला. पाठीच्या कडेला लागलेली हळद त्याला दिसली.

"याले कोणं उघडलं?"

"मी," रुखमा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "आतून बी पुसलं."

"अवं, त्याच्यात फोटो होते!"

"त्याच्यात तं काळा कागद होता. फोटो कुठी होते?"

इश्वरने मला पाटावरून उचलून पोटाशी धरलं. उजेड लागला की रोल जळतो, हे त्याने तेव्हा सांगितलं. इतक्या वर्षांनी! रुखमाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने तोंडात पदर कोंबला.

"तिले काही बोलू नोको," पंचफुला म्हणाली. "आतूनबाहेरून पुस म्हून मीच सांगतलं."

खाटेवर गोमाजी सगळं ऐकत होते. वाचा गेली होती, कान शाबूत होते. रुखमा धावत आत गेली आणि नंदी घेऊन आली. "मामाजी, पुन्हा काढू आपण. तस्साच काढू," असं म्हणत तिने त्यांचा लुळा उजवा हात उचलून नंदीवर ठेवला. तो घसरून खाली पडला. तिने पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा ती उचलू लागली, तेव्हा म्हाताऱ्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. दुसऱ्याने उचलून ठेवलेला हात त्यांना लेकीला धाडायचा नव्हता. तेवढा पीळ अजून शिल्लक होता.

इश्वर थांबला नाही. सीमोल्लंघन, सोनं, सगळं बाजूला ठेवून ऐन दसऱ्याला तो मला घेऊन तुमसरला गेला. रोल धुणाऱ्या नंदलालचा स्टुडिओ बंद होता. इश्वरने त्याला घरातून उठवून आणलं. नंदलालने रोल काढला आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत नेला. मी रिकाम्या पोटाने टेबलावर बसलो होतो. इश्वर दाराकडे बघत उभा होता. बाहेर ढोल वाजत होते आणि आतून नुसता पाणी सांडल्याचा आवाज येत होता.

नंदलाल ओली पट्टी घेऊन बाहेर आला. "आतले फोटो ठीक हायेत. कागद घट्ट गुंडाळला होता म्हून वाचले. पण सगळ्यात वरच्या गुंडाळीतला तुमचा पोळ्याचा फोटो, त्याले कडेकडेनं उजेडानं खाल्लं."

"किती खाल्लं?"

"तोंडं गेली."

नंदलालने तो कागदावर छापून दिला. तो फोटो मी अजून विसरलो नाही. वरचा सगळा भाग चुन्यासारखा पांढरा. पंचफुलाचं तोंड नाही, रुखमाचं नाही, गोमाजींचं नाही. ओळीने बसलेली बिनडोक्याची माणसं! आणि मध्ये स्वच्छ दिसत होता तो एका शिंगाचा नंदी. त्याच्या पाठीवर एक हात होता.

इश्वर घरी न जाता तसाच साकोलीच्या गाडीत बसला. मी त्याच्या खांद्यावर. दारातच त्याने मंदाच्या हाती फोटो दिला आणि हात जोडले. "तोंडं जळली, बाई. आता तुले कसं पटवू?"

मंदाने फोटो उजेडात धरला. तिच्या सासूने मागून डोकावून विचारलं, "कोण होय हे? कोणाचं तोंडच नाही."

 मंदाने बोटाचं टोक फोटोवर टेकवलं. नंदीच्या पाठीवर चार बोटं पुरी होती आणि एक अर्धं होतं. त्याच बोटाला धरून ती शंकरपट पाहायला गेली होती.

"थांब दादा," ती म्हणाली. "पोराले चप्पल घालते."

आंबागडला पोचलो तेव्हा पंचफुला गोमाजींना पेज पाजत होती. मंदा उंबऱ्यापाशी थबकली. सगळ्या घराचे डोळे म्हाताऱ्याच्या मानेकडे लागले. मान वळली. पण भिंतीकडे नाही, दाराकडे. मग मंदा उंबऱ्यावर थांबलीच नाही. खाटेशी बसून तिने तो लुळा हात उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवून दोन्ही हातांनी धरून राहिली. या वेळी म्हाताऱ्याने नाही म्हटलं नाही. सोन्याची पानं मागाहून वाटली.

त्यानंतर गोमाजी दोन पोळे जगले. मग रंगीत फोटो आले, माझ्या मापाचा रोल मिळेनासा झाला आणि मी या खुंटीवर कायमचा अडकलो. तक्रार नाही. फक्त धूळ तेवढी पुसत जा, आणि बाहेरूनच पुसा म्हणजे झालं!

मित्रांनो, एक मागणं आहे. घरात नाजूक वस्तू असेल तर नुसतं "हात लावू नका" म्हणून धाक दाखवू नका. का ते प्रेमाने समजावून सांगा. आणि सणाचे फोटो काढलेत तर ते ज्याच्यासाठी काढले त्याच्या हाती लगेच द्या. रोलात तीन फोटो उरलेत म्हणून थांबू नका. आमचा इश्वर थांबला होता. थोडक्यात वाचला.

तो जळका फोटो साकोलीला मंदाबाईच्या घरी अजून समोरच्या भिंतीवर आहे. नवा माणूस आला की विचारतोच, हा बिनातोंडाचा फोटो कायले लावून ठेवला? मंदाबाई चहा ठेवायला उठते आणि जाता जाता सांगते, "माह्या बाबाचा होय. त्यांनी मले घरी बोलावलं होतं."