म्हसोबाच्या डोळ्यांतलं पाणी

गुरुवारी कृष्णाकाठच्या त्या मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. पुरात दरड ढासळली आणि आतून दोन हातांच्या कवेत न मावणाऱ्या शिंगांचं एक दगडी डोकं निघालं. कोंडीबा महाराजांनी त्याला शेंदूर फासून चौथऱ्यावर बसवलं, आणि त्या डोळ्यांतून चक्क पाणी पाझरू लागलं!

"म्हसोबा रडतोय, बाबांनो! तुमचं दुख बघून रडतोय!" महाराज गरजायचे. "थेंब जिभंवर पडू द्या. साखर पळंल, इख उतरंल! फारेनचं डाक्टर हितं चक्कर यून पडलं!"

ते डॉक्टर कुणी पाहिले नव्हते. विचारतंय कोण?

त्या गुरुवारी गर्दीत क्रांती होती. शाळेत विज्ञान शिकवायची. धाकट्या बहिणीचं सावडणं उरकून ती तशीच आली होती. उसातलं तण भांगलताना त्या बहिणीला, समीक्षाला, घोणस चावली. "आधी कराडला न्या," क्रांती फोनवर ओरडून सांगत होती. पण समीक्षाच्या सासूनं, रंगुबाईनं, तिला आधी इथं आणलं. रांगेत बसवलं, थेंब पाजले. कराड गाठलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

क्रांती सरळ चौथऱ्यावर चढली.

"ए बाई, खाली हो! कोप हुईल!" महाराज ओरडले.

तिनं झेंडूच्या माळा बाजूला सारल्या. शिंगाच्या फुटक्या बुडातून सलाईनची बारीक नळी निघून पडद्यामागं गेली होती. तिथं खिळ्याला बाटली टांगलेली. क्रांतीनं नळी दुमडली. म्हसोबाचं रडणं थांबलं. सोडली, पुन्हा सुरू झालं.

महाराज मागच्या मागं सटकू लागले, तसं दोघांनी त्यांचं मनगट धरलं.

"हे हाड आहे," क्रांती वर्गात सांगावं तसं सांगू लागली. "हजारो वर्षांपूर्वी इथं रानबैल चरायचे. ती जात आता जगात नाही. गाळात दबून हाडाचा दगड झाला. शिंगाचं हाड आतून पोकळ, म्हणून नळी डोळ्यांपर्यंत बसली. एवढंच."

गर्दीतून रंगुबाई पुढं आली. "आगं, थेंब पाजल्यावर तिनं डोळं उघडलं व्हतं. मला वाटलं, गुण आला."

क्रांती चौथऱ्यावरून खाली उतरून तिच्याजवळ आली.

"तुम्हाला बघायला उघडले असतील, मावशी."

रंगुबाई मटकन खाली बसली. क्रांती गर्दीकडं वळली.

"हात जोडते. साप चावला की कुठंही थांबू नका, दवाखाना गाठा. विषावरचं औषध तिथंच मिळतं. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या मागं जाऊन बघा, विचारा. देव रागावत नाही विचारल्यानं. माझ्या समीला जगायचं होतं हो."