पाकिटातले वीस छर्रे

नवरा निवृत्त होऊन पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत घरातली एकही वस्तू सुखाने नांदली नव्हती. त्याने नळ बदलला, तेव्हापासून भांडी घासणाऱ्यालाही आंघोळ घडू लागली. दाराच्या बिजागऱ्या ‘अपग्रेड’ केल्या, तेव्हापासून दार लावायला दोन माणसं लागू लागली. तीस वर्षं कचेरीत खुर्ची उबवल्यामुळे शेजारी त्याला साहेब म्हणत. कचेरीत काही बिघडलं की साहेब सही करतो आणि दुरुस्ती दुसराच कुणी करतो, एवढं साधं तो घरी येताना विसरून आला होता.

बायको घरोघरी जाऊन रुग्णांना सुया देणारी सिस्टर. रोज सकाळी बरोबर सातला पुलापलीकडच्या आंधळ्या शिंप्याला इन्सुलिन द्यायची. सुई झाल्याशिवाय म्हातारा तोंडात घास घेत नसे आणि पहिली बस यायची साडेसातला. म्हणजे सगळा कारभार तिच्या सायकलवर.

त्या रविवारी फेरी आटोपून ती आली आणि म्हणाली, “अहो, मागचं चाक फार करकरतंय. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे टाका. दुपारी बंद करतो तो, आत्ताच जा.”

“मिस्त्री? त्या अडाण्याला काय कळतं? चाकात घालायला सिरॅमिकचे छर्रे मागवून ठेवलेत मी. लोण्यासारखं फिरेल चाक.”

“मला लोणी नकोय. उद्या सातला पोचायचंय.”

“अगं, माझ्यावर भरवसा ठेव की जरा!”

ती बहिणीकडे निघून गेली. इथेच चुकलं तिचं.

संध्याकाळी परतली तर सायकल उताणी पडलेली. साहेबाच्या हातात तिचे रबरी हातमोजे, शेजारी तिचा चिमटा, तिचा कापूस आणि दुरुस्तीचे पाच व्हिडिओ उघडलेला फोन. सगळीकडे ग्रीस. सासूबाई पाय वर घेऊन खुर्चीत बसलेल्या, पूर आल्यासारख्या.

“झालं काम!” साहेब म्हणाला. “फिरवून बघ.”

तिने चाक फिरवलं. अर्धा फेरा घेऊन ते खटकन अडलं. पुन्हा फिरवलं. आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला.

“नवीन आहे ना,” साहेब म्हणाला, “थोडं चाललं की मोकळं होईल.”

“लहानपणी ह्याने घड्याळ उघडलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “त्यात अजून सव्वाचारच वाजतायत.”

“आई, तू मध्ये बोलू नकोस!”

सिस्टर चिडली नाही. चिडायला वेळ नव्हता, मिस्त्रीचं दुकान कधीच बंद झालं होतं. तिने जमिनीवर बसकण मारली. “जुने छर्रे कुठायत?”

“ते भंगार? त्या झाकणात.”

तिच्याच औषधाच्या डब्याचं झाकण. तिने मोजले. अठरा.

“आणि नवीन किती घातले?”

“वीस. पाकिटात वीसच होते.”

“काढले अठरा आणि घातले वीस?”

“अगं, दोन्ही बाजूंना एकेकाची जागा रिकामी होती! कंपनीवाले कंजूष. मी म्हटलं, भरून टाकू. एक जास्त म्हणजे तेवढीच मजबुती.”

तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. जिथे जागा दिसली तिथे माणूस कोंबला आणि मग काम का हलत नाही म्हणून बैठका घेतल्या.

“दोन हरवलेही असतील,” त्याचा आवाज जरा उतरला. तिने खाटेखाली, कपाटाखाली केरसुणी फिरवली. एक बटण निघालं. छर्रा एकही नाही.

मग तिने चाक मांडीवर घेतलं. दोन्हीकडचे कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारे निमुळते नट, सैल केले, आस बाहेर काढला. चाकाच्या वाटीत छर्रे एकमेकांच्या उरावर चढून बसले होते, हलायला जागाच नव्हती. चिमट्याने एका बाजूचा एक काढला, दुसऱ्या बाजूचा एक काढला. उरलेले नऊ नऊ ग्रीसमध्ये नीट बसले.

“आता कोन गच्च आवळ,” साहेबाने हुकूम सोडला. “मी पाय लावून आवळला होता.”

“म्हणूनच तर.”

सलाईनचं चाक फिरवून थेंब मोजण्यात तिचा जन्म गेला होता. कोन तिने बोटांनीच टेकवला, मग केसभर मागे घेतला. एका पान्याने तो धरून ठेवला, दुसऱ्याने बाहेरचा नट आवळला. चाक डुगडुगलं नाही, अडलंही नाही. फिरवून सोडलं तर सासूबाईंचा चहा संपेपर्यंत फिरत राहिलं.

“बघ,” साहेब म्हणाला, “सिरॅमिक ते सिरॅमिक!”

सकाळी साडेसहाला ती सायकल घेऊन अंगणात आली. साहेब आधीच खाली उभा. वरच्या मजल्यावरचे मास्तर आणि शेजारचा इस्त्रीवाला माना डोलवत ऐकत होते. “सगळं घरच्या घरी. मिस्त्रीला हातसुद्धा लावू दिला नाही. मुख्य कौशल्य छर्रे बसवण्यात असतं...”

सिस्टरने घंटी वाजवली.

“खरंय हो,” ती मोठ्याने म्हणाली. “ह्यांच्यासारखा हात नाही कुणाचा. मास्तर, तुमची सायकल कुरकुरते ना? आणि भाऊ, तुमचीही? आणून सोडा आजच. दिवसभर मोकळेच असतात.”

“अगं...” साहेबाचा चेहरा पडला.

“आत्ता आणतो!” मास्तर जिन्याकडे धावलेसुद्धा. वरच्या खिडकीतून सासूबाई ओरडल्या, “सव्वाचार!”

सातला पाच कमी असताना ती शिंप्याच्या दारात उतरली. म्हातारा उंबऱ्यात बसला होता, कान रस्त्याकडे. तिची पावलं अगदी जवळ वाजली तसा दचकला. “कोण?”

“मीच.”

“करकर आली नाही. म्हटलं, आज काही येत नाही बाई.” तो हसला. “कुणाकडून दुरुस्त करून घेतलीत?”

“कुणाकडून नाही. मीच केली. बाही वर करा.”