ठरलेला आवाज

चाळिशी उलटली तरी घरात तिला बेबीच म्हणत. ती श्रवणयंत्रांच्या कंपनीत प्रोग्राम लिहायची, हाताखाली माणसं होती, आणि त्यातल्या कोणालाही हे नाव कळू नये एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

आप्पांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, मोटारींचं गॅरेज होतं. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं ओळखायचे. त्याच आवाजांनी त्यांचे कान खाल्ले. आई बोलायची हळू. ती बोलायची आणि आप्पा भिंतीकडे बघत राहायचे. शेवटी ती लेकीला म्हणाली, "जगाच्या कानाला यंत्रं लावतेस, घरात मात्र दिव्याखाली अंधार."

मग बेबीने आप्पांसाठी खास प्रोग्राम केला. कंपनीचा मूळ प्रोग्राम कुणाच्याही कानाला चालेल असा, म्हणून जडही. दर टाक्याला नव्याने माप घेणाऱ्या शिंप्यासारखा. यंत्राच्या इवल्या बॅटरीला ते झेपत नाही. तेव्हा जे आधीच माहीत आहे ते मोठ्या कॉम्प्युटरवर प्रोग्राममध्ये मुरवून टाकायचं, त्याचे सगळे हिशेब तिथेच उरकायचे, आणि उरलेला छोटासा, त्या एकाच माणसाच्या मापाचा प्रोग्राम यंत्रात पाठवायचा. यंत्र कानात चालू असतानाच तो आत शिरून जुन्याची जागा घ्यायचा. बेबीने दोन गोष्टी मुरवल्या: आप्पांच्या कानाची तपासणी आणि आईचा आवाज. तो आवाज पुढे आणायचा, बाकीचे मागे ढकलायचे. तेव्हा दोन्ही गोष्टी ठरलेल्याच वाटल्या.

काम फत्ते झालं. आप्पांना आई ऐकू येऊ लागली, आणि बाकीच्यांचं बोलणं ती सांगायची. "बेबी म्हणते, चहा टाकू का. दादा म्हणतो, टायर बदला." घरातला शब्दन् शब्द तिच्या तोंडून त्यांच्याकडे जायचा. त्यामुळे दुसऱ्या कुणाचं त्यांना धड ऐकूच येत नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग आई गेली, आणि आप्पा गप्प झाले. विचारलं एक तर उत्तर भलतंच, बरेचदा तेही नाही. मोठ्या भावाने, दादाने, निदान करून टाकलं.

"आप्पा विसरायला लागलेत. मी एक जागा बघितलीये, अशाच माणसांसाठी. नर्स आहे, बाग आहे. शुक्रवारी सोडून येऊ."

"कान परत तपासू या का?"

"यंत्र ठीक आहे म्हणून तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं खरं. बॅटरी ठीक, प्रोग्राम ठीक. प्रोग्राम तर तिचाच, आणि आपला तो बाब्या.

गुरुवारी दुपारी बेबी आप्पांच्या खोलीत त्यांची बॅग भरत होती. ते खिडकीशी पेपर वाचत होते. "आप्पा, हा स्वेटर ठेवू?" मान वर झाली नाही. "आप्पा." नाहीच. ती डोळे पुसत बाहेरच्या खोलीत गेली. आप्पांच्या नव्या जागी भिंतीवर लावायला एखादा फोटो छापून घ्यावा म्हणून मोबाइल चाळू लागली, तर बोट एका जुन्या व्हिडिओवर पडलं.

"अहो, ओला टॉवेल परत पलंगावर?" आई म्हणाली.

"उचलतो, उचलतो," आतून आप्पा म्हणाले आणि दारात येऊन उभे राहिले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बेबीच्या हातातला मोबाइल दिसला, तसे ओशाळून खुर्चीकडे परतले.

दादाने याचाही पुरावा केला असता. बेबीला मात्र उलटंच दिसलं. हातभर अंतरावरून मारलेली हाक ज्यांना पोचली नाही, त्यांना भिंतीपलीकडून मोबाइलमधली आई ऐकू आली होती. आप्पांचं डोकं शाबूत होतं. त्यांच्या कानातलं यंत्र अजून एकट्या आईसाठी चालत होतं आणि बाकी साऱ्या जगाला मागे ढकलत होतं. बदलणारी गोष्ट बेबीने ठरलेली धरली होती. आई जाऊ शकते, हे प्रोग्राम लिहिताना तिच्या मनाला शिवलंच नव्हतं.

तिने लॅपटॉप उघडला आणि स्वतःला शिव्या घालत कामाला लागली. दुरुस्ती बोटभर होती. कान आधीच मुरवलेला. आवाज मात्र मोकळा, ऐन वेळी समोर जो बोलेल तो. चहा निवायच्या आत नवा प्रोग्राम तयार झाला, आणि पाठवायच्या बटणावर बोट अडलं. ती ज्या भाषेत प्रोग्राम लिहायची, तिच्यात केलेलं खोडत नाहीत, नवं करून शेजारी ठेवतात. जुना प्रोग्राम लॅपटॉपमध्ये जसाच्या तसा राहणार होता. तरी आईला दुसऱ्यांदा पोचवायला निघाल्यासारखं तिला वाटलं. तिने बटण दाबलं.

आप्पांनी पेपरचं पान उलटलं आणि थबकले. पान पुन्हा उलटून पाहिलं.

"आप्पा," ती दारातूनच, हळू म्हणाली.

"काय गं?" मग जरा थांबून, "मोरीतला नळ गळतोय का?"

बेबी त्यांच्यापुढे जमिनीवरच बसली आणि आपली चूक काय झाली ते सगळं सांगितलं. "पण इतके महिने तुम्ही बोलला का नाहीत? ऐकू येत नाही म्हणून?"

आप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला वाटलं, ती गेली म्हणून असं झालंय. मला काय माहीत, बायको पहिल्यांदाच गेलीये. म्हटलं, माणूस गेलं की घराचा आवाज जात असेल. सगळ्यांचंच असं होत असेल."

बेबीला हुंदका आवरेना. आप्पा तिच्या डोक्यावर थोपटत राहिले. मग त्यांची नजर पलंगाकडे गेली.

"ही बॅग कुणाची?"

"तुमची. उद्या तुम्हाला तिकडे राहायला सोडणार होतो आम्ही. कायमचं. दादाने विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही मान डोलावलीत."

"मला वाटलं, जेवायला चला म्हणतोय." आप्पांनी चष्मा पुन्हा चढवला. "लाव त्याला फोन. म्हणावं, पहिल्यापासून सांग, मी ऐकतोय."