तोंडावर बोट

चित्रांची पुस्तकं काढून पोट भरतं का, हे परभणीतल्या झाडून सगळ्यांनी सुकेशनीला विचारून झालं होतं. भरत नव्हतंच. गोष्टही तिची, चित्रंही तिची, आणि पुण्याचा प्रकाशक फोन उचलत नाही हे दुखणंही तिचंच. थोरल्या भावानं, नागेशनं, मानवतच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाईची जागा बोलून ठेवली होती. "सोमवारी ये म्हणायलेत. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं बस कर आता," तो म्हणाला होता.

तिनं मनाशी एक ठरवलं. तिचं 'चांदी कुठं लपली?' हे पुस्तक पूर्वी जिल्ह्यातल्या शाळांना वाटलं गेलं होतं. हरवलेल्या शेळीची गोष्ट. पानापानावर कागदाचं एक दार, पोरांनी बोटानं उघडायचं. आत कुठं खुडूक कोंबडी, कुठं घोरणारी आजी, आणि शेवटच्या दाराआड चांदी, तिच्या नुकत्याच झालेल्या करडासकट. या दारांसाठी ती प्रकाशकाशी भांडभांड भांडली होती. आता जिंतूरजवळच्या ज्या शाळेत ती स्वतः शिकली, तिथं जाऊन बघायचं. पुस्तक मळलेलं, दारं लोंबकळलेली दिसली, तर नवं पुस्तक सुरू. नाही तर मानवत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तिला राहवलं नाही.

तिथल्या चंद्रभान गुरुजींना तिला बघून कोण आनंद झाला. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, तसा डांबरगोळ्यांचा भपकारा आला. फडक्यात बांधलेलं पुस्तक त्यांनी सोडवलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं.

"बघा ताई. आलं तसंच हाय. एक डाग न्हाई."

तिनं पान उलटलं. दार बंद. पुढचं, बंद. एकालाही कुणाचं बोट लागलं नव्हतं. तिला त्या भल्या माणसाचा संताप आला, आणि संताप आल्याची लाजही वाटली.

"पोरांना देत न्हाई का, सर?"

"देऊ की, पर फाटलं तर? मागल्या गुरुजींची पुस्तकं उंदरानं कुरतडली, तर बदलीच्या वक्ताला खुलासे लिवून लिवून बेजार झाले बिचारे. हे तर मी माझ्या लेकरांच्याबी हाती दिलं न्हाई."

"मग आज मी सांगते गोष्ट. तुमच्यासमोर."

पोरं ओळीनं बसली. "हाताची घडी, तोंडावर बोट!" गुरुजी गरजले, आणि सगळ्या वर्गाची बोटं ओठांवर गेली.

गोष्ट रंगली. पोरं बसल्या बसल्या पुढं सरकली, शेळीसाठी त्यांचे डोळे ओले झाले. आता मानवतला जायला नको, असं सुकेशनीला खरंच वाटून गेलं. आधीची दारं ती स्वतःच अलगद उघडत आली होती; शेवटच्या पानाशी ती थांबली. "चांदी कुठं असंल? कोण उघडतंय दार?"

कुणी हललं नाही. पुढच्या ओळीतल्या धम्मशीलेला तिनं जवळ घेतलं, तिचा हात दाराकडं नेला. चटका बसल्यासारखा पोरीनं तो मागं ओढला.

"फाटंल, बाई."

"न्हाई गं फाटत. उघडायसाठीच केलंय मी." सुकेशनीनं स्वतःच दार उचललं. इतक्या पावसाळ्यांची ओल खाऊन हे मात्र आतल्या चित्राला चिकटून बसलं होतं. टर्रकन आवाज झाला. दाराबरोबर चांदीचं तोंड निघून आलं आणि करडाच्या जागी नुसता पांढरा कागद उरला.

धम्मशीला गुरुजींकडं बघत रडायला लागली. "म्या न्हाई फाडलं, गुरुजी. म्या हातबी लावला न्हाई."

"तू न्हाई गं, मी फाडलं," सुकेशनी परत परत म्हणाली. पोरगी तिच्याकडं बघेना.

गुरुजींनी पुस्तक पुन्हा फडक्यात बांधलं. "असू द्या, ताई. लिवणारीच्याच हातून फाटलं, असा खुलासा देतो मी." कपाटाला कुलूप लागलं. बोट काढा असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पोरं तशीच बसून होती.

फाट्यावर एसटीची वाट बघत तिनं नागेशला फोन लावला. "दादा, सोमवारी येते म्हणावं त्यांना."

"झ्याक झालं. पोरं गप बसवता येतील ना तुला? तेवढंच विचारायलेत ते."

"येतील," सुकेशनी म्हणाली.