अर्ध्या पापणीचा दरारा

सहादेव चेअरमनना आजार झालाय हे गावाला ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच ठाऊक होतं, की चेअरमनना माज आलाय.

यात गावाचा तरी काय दोष? पुरावेच तसे होते. संगमनेर तालुक्यातल्या त्या आडगावात दूध संस्थेचा चेअरमन म्हणजे काही कलेक्टर नव्हे. सहादेव चौदा वर्षं त्या खुर्चीवर बसत होते आणि चौदा वर्षं गाव त्यांना हिशोबातच धरत नव्हतं. कोणीही यावं, फॅट कमी लागली म्हणून त्यांच्या अंगावर ओरडावं आणि जाताना त्यांच्याच पैशांचा चहा पिऊन जावं. सहादेव हसायचे. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात कपाळापर्यंत नेऊन राम राम घालायचे. एवढ्या नम्र माणसाला विचारल्यावाचून कोणाचं काही अडलेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर तो हात वर जाईनासा झाला. तोंडाने राम राम यायचा, हात मांडीवरच. मग हसणं गेलं. ओठाचा एक कोपरा तेवढा हलायचा आणि ते हसू नसून तुच्छता आहे अशी समोरच्याची खात्री पटायची. संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्यांना चेअरमन हनुवटीखाली मूठ टेकवून, पापण्या अर्ध्या मिटून बसलेले दिसू लागले. आवाज बारीक आणि नाकातून. कोणी भांडायला आला तर ते उत्तरच द्यायचे नाहीत, नुसते त्या अर्ध्या पापण्यांतून बघत राहायचे. मग भांडणाऱ्याला आपण सकाळी दुधात किती पाणी ओतलं ते आठवायचं आणि तो काढता पाय घ्यायचा.

दोन महिन्यांत संस्थेच्या दुधाची फॅट वाढली. तालुक्याच्या दूध संघाकडून अभिनंदनाचं पत्र आलं. चेअरमन आता कोणाच्या ओट्यावर चढत नाहीत, लोकांनाच खाली बोलावतात, म्हणजे वरून कोणाचा तरी हात पाठीवर आहे, हे पारावर ठरलं. कोणाचा, यावर मतभेद होते. हात आहे यावर नव्हते. विरोधी गटाचा बन्सी, जो चौदा वर्षं त्यांना ‘ए सहादेव’ म्हणत आला होता, तो एके दिवशी ‘अहो चेअरमन’ म्हणाला. त्या दिवशी सहादेव घरी गेले आणि गोठ्यामागे उभं राहून एकटेच हसायचा प्रयत्न करू लागले. जमलं नाही.

खरं काय ते फक्त त्यांच्या बायकोला, रतनबाईंना ठाऊक होतं. संध्याकाळी सदरा अंगातून काढताना त्या नवऱ्याचा हात उचलून बाहीतून ओढून घ्यायच्या. भाकरी दुधात कुस्करून, कालवून द्यायच्या. तरी ताटलीभर संपायला तासभर लागायचा आणि मध्येच पाणी नाकावाटे परत यायचं. सकाळी मात्र हाच गडी बादली उचलून गोठ्यात जायचा. म्हणून घोळ झाला. डॉक्टरकडे जायचं म्हणजे रात्री झोप काढून, सकाळी अंघोळ करून, कडक इस्त्रीचे कपडे घालून पहिला नंबर लावायचा, ही आपली रीत. संगमनेरच्या दोन डॉक्टरांनी सकाळी साडेनऊला हात दाबून बघितले, पाय ढकलून बघितले आणि एकाने ताकदीची इंजेक्शनं दिली, दुसऱ्याने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं. तिसऱ्या वेळी रतनबाईंनी नवऱ्याला नाशिकला नेलं, तेही मुद्दाम संध्याकाळच्या वेळेला, दिवसभर कडबा उचलायला लावून.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टरने फार काही केलं नाही. छताकडे बघा म्हणाला, बघतच राहा. मिनिटभरात सहादेवच्या पापण्या आपोआप खाली आल्या, दुकान बंद करताना शटर यावं तशा. डॉक्टरने आजाराचं नाव सांगायला नकार दिला. अंदाज आहे, पण शिरांची तपासणी आणि रक्ताचे रिपोर्ट आल्याशिवाय बोलणार नाही. पाच दिवस दाखल व्हा. आणि एक बजावलं. गिळताना ठसका लागायला लागला किंवा दम लागला, तर एक दिवसही घरी थांबायचं नाही.

सहादेव दोनदा तारीख घेऊन दोनदा गेले नाहीत. कारण संचालकांमधून नवा चेअरमन निवडायची तारीख लागली होती.

खुर्चीचा मोह म्हणाल तर तो होताच, पण नुसता तेवढाच नव्हता. गावात आदिनाथ मास्तर होते. त्यांच्या अंगावरून वारा गेला, म्हणजे अर्धांगवायू झाला, तेव्हापासून सगळं गाव त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायचं, जणू वारा कानावरून गेला होता. ज्या मास्तरांनी अर्ध्या गावाला पाढे शिकवले, त्यांना लोक ‘जेवलात का’ हे तीन-तीनदा विचारायचे आणि पाठ फिरली की ‘बिचारा’ म्हणायचे. सहादेव स्वतः त्यांना केळी देऊन आले होते. केळं सोलून, तुकडा करून, ‘आ करा’ म्हणाले होते. मास्तरांनी त्यांच्याकडे जे बघितलं, ते सहादेवना अजून विसरता येत नव्हतं. मेलं तरी चालेल, पण कोणी आपल्याला बिचारा म्हणू नये, असं त्यांना मनापासून वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना टरकून होते, आणि ते ज्याच्या जोरावर टरकून होते त्यालाच डॉक्टर आजार म्हणत होता.

आदल्या आठवड्यात चहाचा ठसका लागून त्यांचे डोळे पांढरे झाले, तेव्हा रतनबाईंनी विषय संपवला.

“मला खुर्चीसंगं संसार करायचा न्हाई,” त्या म्हणाल्या. “निवडणूक झाली की तिथूनच नाशिक. गाडी दारात उभी करून ठिवते. न्हाई म्हनला तर मीच पारावर जाऊन सांगते समद्यांना.”

सहादेवनी कबूल केलं. त्यांचा हिशोब पक्का होता. सभा सकाळी दहाला ठेवली. बारापर्यंत अंग ऐकतं, अर्ध्या तासात निवड उरकेल. अकरा संचालकांपैकी पाच बन्सीचे, बन्सी धरून. पाच आपले आणि सहावे आपण स्वतः. चिठ्ठ्या-बिठ्ठ्या नकोत, हात वर करून होऊ द्या, असा आग्रह त्यांच्याच गटाच्या गोरक्षने धरला होता. हा गोरक्ष चौदा वर्षं चेअरमनची पिशवी धरत आला होता. फुटणारा माणूस चिठ्ठीत फुटतो, उघड्यावर फुटत नाही, असं त्याचं म्हणणं. सहादेवना तेव्हा ते पटलं होतं.

तालुक्याहून येणारा निवडणूक अधिकारी दहाला यायचा होता. आला पावणेचारला. आधीच्या गावात जेवणाचा आग्रह झाला होता.

पावणेसहा तास सहादेव खुर्चीवर ताठ बसून होते. जेवण आलं, खाल्लं नाही. चारचौघांत ठसका लागला तर काय घ्या. दुपारी दोनला मान जड झाली, तीनला समोरच्या एका बन्सीचे दोन बन्सी दिसू लागले, जी कोणाही चेअरमनसाठी चांगली गोष्ट नव्हे. संचालक आपसात कुजबुजत होते, की बघा, माणूस उपाशी बसलाय पण चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. बाहेर ओसरीत रतनबाई कपड्यांची बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. भाड्याची गाडी झाडाखाली उभी होती.

अधिकाऱ्याने घाईघाईने नावं वाचली. बन्सीसाठी पाच हात वर झाले. मग सहादेवसाठी हात वर करा म्हटल्यावर पाच हात वर झाले आणि सहावा झाला नाही.

सहादेवनी प्रयत्न केला. सगळं बळ एकवटून त्यांनी खांद्याला हुकूम सोडला. टेबलाखाली मांडीवर बोटं थरथरली, कोपर दोन बोटं वर आलं आणि परत बसलं. घाम आला. मनात त्यांनी असतील नसतील ते सगळे देव बोलावले. चेहरा मात्र होता तसाच राहिला, अर्ध्या पापण्या, ओठाचा एक कोपरा वर, कारण तोही हलवायचं त्यांच्यात त्राण नव्हतं.

पाच-पाच. अधिकाऱ्याने विचारलं, आपलं मत? चेअरमन नुसते बघत राहिले.

 खोलीत असलेल्या प्रत्येक शहाण्याप्रमाणे बन्सीनेही विचार केला, की हा माणूस स्वतःला मत देत नाही, म्हणजे याला मताची गरज नाही. म्हणजे आपलं कोणीतरी याच्या खिशात आहे. किंवा ऑडिटचा काही कागद. किंवा दोन्ही. आणि तो आपल्याकडेच बघतोय. बन्सीने सगळ्यांच्या आधी शहाणपण करून घेतलं.

“आमचंबी मत चेअरमनलाच,” तो म्हणाला आणि हात वर केला.

त्याच्यामागून त्याचे चौघे. दहा हात वर. मोठेपणा बघा, स्वतःला मत दिलं नाही माणसानं, असं कोणीतरी दाटल्या आवाजात म्हणालं. बन्सीने विजयासाठी आणलेला पेढ्यांचा बॉक्स स्वतःच्याच हाताने फोडला आणि एक अख्खा पेढा चेअरमनच्या तोंडात कोंबला.

चावायला जबडा चालेना. पेढा टाळूला चिकटला, मग घशाकडे सरकला आणि तिथेच बसला. खोकायलाही ताकद लागते, ती नव्हती. चेहरा काळानिळा पडू लागला, डोळ्यांतून पाणी आलं आणि चेअरमन भारावले म्हणून टाळ्या पडल्या. सहादेवना कळलं, की आपण आता इथे, टाळ्यांत मरणार. एवढी भीती त्यांना जन्मात वाटली नव्हती.

रतनबाई आत आल्या त्या बन्सीला ढकलूनच. त्यांनी नवऱ्याला पुढे वाकवलं, दोन बोटं थेट घशापर्यंत घातली आणि पेढा बाहेर काढला. सगळ्या संचालक मंडळादेखत चेअरमनच्या तोंडातून लाळेची तार लोंबत राहिली. रतनबाईंनी ती पदराने पुसली आणि त्या संचालकांकडे वळल्या.

“ह्यांना गिळता येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “हात उचलत न्हाई. पापनी उचलत न्हाई. सा महिनं झालं. माज न्हाई आला ह्यांना, आजार आलाय.”

 हळूहळू खोलीतले खांदे सैल पडले, श्वास सुटले. सहा महिने जे दहा जण खुर्चीच्या कडेवर बसायचे ते नीट टेकून बसले. बन्सीच्या चेहऱ्यावर तर बुडताना पायाला जमीन लागावी तसा आनंद होता. तो सहादेवच्या कानाशी वाकला आणि खच्चून ओरडला, “आदी सांगायचं न्हाई व्हय? काळजी करू नका! आमी हाय ना!”

मग अधिकाऱ्याकडे वळून त्याने साध्या आवाजात विचारलं, की इतिवृत्तावर सही झालीय का. झाली नव्हती. मग माणुसकी म्हणून फेरविचार व्हावा, असं त्याने सुचवलं. आजारी माणसावर एवढा भार टाकणं बरं दिसत नाही. अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं आणि माणुसकीला हरकत नाही म्हणाला.

रतनबाई नवऱ्याला उठवू लागल्या, पण पाय उचलेनात. दम खाईपर्यंत थांबावं लागलं. तेवढ्यात मतदान झालं. बन्सीसाठी पाच हात, सहा, सात, नऊ. एक क्षण थांबून गोरक्षचा, दहावा. त्याने सहादेवकडे बघितलंही नाही.

“बिचारे,” कोणीतरी पुटपुटलं.

अकरापैकी दहा हे लिहायला जरा कसंतरीच वाटतं, अधिकारी म्हणाला. एकमताने झालं तर मंडळाची शोभा राहील. तेव्हा गोरक्ष उठला, खुर्चीमागे आला आणि त्याने सहादेवचं मनगट धरून तो हात वर केला. सहा महिन्यांनी तो हात डोक्याच्या वर गेला होता. रतनबाई “सोड” म्हणाल्या, तोवर अधिकाऱ्याने अकरा मोजले आणि ‘एकमताने’ असं लिहून खाली सही ठोकली.

टाळ्या सुरू झाल्या. गोरक्षलाही वाजवायच्या होत्या, म्हणून त्याने मनगट सोडून दिलं. हात टेबलाच्या कडेवर आपटला. सहादेवना लागलं. ताकद गेली होती. लागायचं काही कमी झालं नव्हतं.