मागच्याची चूक

मी मोटारसायकल आहे आणि मला माझी पाठ दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्ही विचाराल, "तुला कळलं नाही का?" कळलं होतं. पण सांगणार कोणत्या तोंडाने? मला एक हॉर्न आहे, तोही दुसऱ्याने दाबला तरच वाजतो.

जन्म जपानचा. सहाशे सीसी, पांढरा रंग. तिथल्या एका शिस्तीच्या गृहस्थाने चार वर्षं मला दर रविवारी पुसलं आणि महिन्यातून एकदा फिरवलं. मग जहाज, मग मालगाडी, आणि एप्रिलातल्या एका सकाळी मी अल्माटी शहराच्या कडेला, माझ्या नव्या मालकाच्या, तलगतच्या अंगणात उतरले. त्याची आई कुल्याशबाई बाहेर आली. तिने वाळक्या रानपाल्याची धुरी माझ्याभोवती फिरवली, शेजारणींना चहा पाजला आणि लेकाला म्हणाली, "दृष्ट मी काढली. अक्कल तेवढी तू आण कुठूनतरी."

त्या उन्हाळ्यात तरी त्याने ती आणली नाही. शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर तो मला असा पिटाळायचा की माझाच जीव टांगणीला लागायचा. ऑगस्टमध्ये आमच्या पुढे धावणारा त्याचा मित्र ट्रकखाली गेला. तलगत त्याच्या मातीहून परतला तेव्हा आई दारातच हात पसरून उभी होती.

"किल्ली दे."

"आई, ऐक ना. पळवीन तर फक्त रेसट्रॅकवर. तिथे समोरून कुणी येत नाही, शिकवायला माणूस असतो. रस्त्यावर मी म्हातारीसारखा चालवीन."

"म्हातारीला नावं ठेवू नकोस," ती म्हणाली. पण हात मागे घेतला.

आणि खरं सांगते, त्याने शब्द पाळला. धरणाच्या बाजूला माळावर एक ट्रॅक आहे. तिथे पेत्रोविच नावाचा जुना शर्यतवाला शिकवतो, तोंडाने फटकळ आणि मनाने चांगला. "ब्रेक काय सासूवरचा राग काढायला दिलाय?" असं तो तलगतवर ओरडायचा. हळूहळू तलगत शिकला. वळणाआधी वेग कमी करायचा, नजर दूर ठेवायची, घाबरलं तरी हात सैल सोडायचे. वर्षभरात तो रस्त्यावर इतका सबुरीने चालवू लागला की टॅक्सीवाले त्याला शिव्या द्यायला लागले. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

ट्रॅकवर उतरण्याआधी आरसे आणि दिवे चिकटपट्टीने झाकावे लागतात. पडलं तर काच पसरू नये, आणि मागच्याचं लक्ष पुढच्याच्या लाल दिव्याकडे जाऊ नये म्हणून. "इथे मागे बघायचं नाही," पेत्रोविच बजावायचा. "पुढच्याला सांभाळणं हे मागच्याचं काम. धडक झाली की चूक मागच्याची. विषय संपला."

मग इलियासने हट्ट धरला. तलगतचा धाकटा भाऊ, आठ वर्षांनी लहान, आईच्या घरात राहणारा, तिचं शेंडेफळ. त्याला एक छोटी मोटारसायकल मिळाली आणि आईची अटही मिळाली. "ट्रॅकवर काय वाट्टेल ते करा. रस्त्यावर हा तलगतच्या मागे." थोरल्याचा रस्ता धाकट्याने कापायचा नाही, ही इथली रीतच आहे. तलगतने त्याला समजावलं, "माझ्या लाल दिव्यावर नजर ठेव. तो लागला की तू ब्रेक लाव. बाकी कशाचा विचार करायचा नाही."

"बरं दादा," इलियास म्हणाला. त्याने ते अक्षरशः पाळलं.

सप्टेंबरातला तो शनिवार. शेवटच्या फेरीत इलियासने आपल्या छोट्या गाडीवर आम्हाला वळणावर आतून मागे टाकलं. सगळे टाळ्या पिटायला लागले.

"थोरल्याचा रस्ता कापलास!" पेत्रोविच हसत सुटला. "आता घरी जेवायला मिळतंय का बघ!"

तलगतही हसला, पण मला त्याच्या गुडघ्यांची पकड कळते. त्याला ते लागलं होतं. आवरायची त्याने घाई केली. माझी पुढची पट्टी तो काढायचा आणि मागची इलियास, असं त्यांचं ठरलेलं. त्या दिवशी इलियास कौतुक करून घेण्यात अडकला होता. धावत आला आणि म्हणाला, "दादा, मागची राहिली ना?"

"काढली मी. चल आता, हिरो."

काढली नव्हती.

पाठ दिसत नसली तरी चिकटलेलं कळतं. वीस मैल मला ते कळत होतं.

इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि त्याच कडेला धुरावलेले मासे विकणाऱ्या बायका बसतात. आईला ते आवडतात म्हणून तलगतने वेग कमी केला, उजवीकडे वळायची खूण देणारा दिवा लावला. तो दिवाही पट्टीखालीच होता. मावळतं ऊन तिरपं डोळ्यांत येत होतं. इलियास त्या न लागलेल्या दिव्याकडे बघत मागून आला. शेवटच्या क्षणी त्याने गाडी डावीकडे ओढली, माझ्या मागच्या कोपऱ्याला घासला आणि समोरून येणाऱ्या बसपुढे जाऊन पडला.

तलगतचा खांदा मोडला होता. तसाच तो भावाकडे धावला. एका मासेवालीने आपली शाल इलियासवर आधीच पांघरली होती. तलगतने तिचं टोक उचलून पाहिलं. मग परत आला, माझ्या मागे वाकला आणि धड राहिलेल्या हाताने पट्टी खरवडून काढली. खिशात कोंबली. त्यानंतर पोलीस आले.

त्यांनी लिहिलं, मागच्याने अंतर राखलं नाही. माझा इतका संताप झाला की काय सांगू! पण तापायलासुद्धा कुणाला तरी मला चालू करावं लागतं.

काल इलियासला जाऊन चाळीस दिवस झाले, त्याचं जेवण घातलं. मी अंगणाच्या कोपऱ्यात उभी आहे. टायर बसलेत, साखळी गंजलीय. तलगत मला दुरुस्त करत नाही आणि विकतही नाही. पंगती उठल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. थोड्या वेळाने आई आली. गेलेल्याकडे कुणाचं काही राहिलं असेल तर जिवंतांनी माफ करायचं असतं, म्हणजे त्याची वाट मोकळी होते.

"तलगत, मातीच्या दिवशी सगळ्यांनी त्याला माफ केलं," ती म्हणाली. "तू तेव्हा दवाखान्यात होतास. तुझं एकट्याचं राहिलंय. त्याच्या उतावळेपणाने तुझा खांदा गेला. लहान होता रे, चुकला. त्याच्या वतीने मी मागते."

बोल, मी म्हणत होते. तलगत, आता तरी बोल. तिचा मुलगा तिला परत मिळणार नाही, पण तो चुकला नव्हता एवढं तरी तिला मिळू दे.



"माफ केलं, आई," तो म्हणाला.

तिने त्याचा हात उचलून आपल्या डोळ्यांना लावला. "मोठ्या मनाचा आहेस," ती म्हणाली, आणि भांडी आवरायला आत गेली.