निळ्या दारावरचा नंबर

विठाबाईंचा आवाज इतका हळू, की अंगणवाडीतली पोरं त्यांचं ऐकायचं म्हणून गप्प बसत. तीस वर्षांत त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. रोज पहाटे अंघोळ, पांढरं लुगडं, मेणबत्ती, त्रिसरण-पंचशील. अष्टमी-पौर्णिमेला दुपारनंतर अन्नाचा कण नाही. पण हळू बोलणारं माणूस मऊच असतं असं धरून चालणाऱ्यांची आजवर पुष्कळदा फसगत झालेली होती.

त्या शनिवारी पळसदरीच्या बंगल्यात धाकट्या शेठचीही तीच गत व्हायची होती.

बंगला विकायला काढला होता आणि मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, जुनी फियाट उभी होती. मोठ्या शेठची. विठाबाईंचे यजमान रामभाऊ यांनी ड्रायव्हर म्हणून ती बत्तीस वर्षं चालवली, धुतली, पुसली. सहा वर्षांमागे ते गेले, मागोमाग मोठे शेठ गेले, आणि गाडी पुतण्याच्या, म्हणजे धाकट्या शेठच्या, वाट्याला आली. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्यानं ती मागितली होती. मधोमध कापायची, बोनेटमध्ये माती भरायची, फुलझाडं लावायची, म्हणजे पाहुण्यांना फोटो काढायला बरं.

विठाबाईंना ती अख्खी हवी होती. अंगणवाडीतून निवृत्त होताना मिळालेला पैसा त्यांनी तिच्यासाठीच बाजूला ठेवला होता.

का, ते त्यांनी पोराला, कपिललासुद्धा धड सांगितलं नव्हतं. कपिल पोटात असताना, भर श्रावणात, त्या रामभाऊंचा डबा घेऊन बंगल्यावर आल्या आणि तिथंच कळा सुरू झाल्या. मोठे शेठ म्हणाले होते, "गाडी नको रामभाऊ, सीट खराब होईल." ड्रायव्हरच्या घरच्यांनी गाडीत बसायचं नाही असा रिवाजच होता. मग दोघं पळसदरीहून कर्जतच्या दवाखान्यापर्यंत चालत गेली, चिखलातून. चालता चालता रामभाऊंच्या खिशात गाडीची चावी वाजत होती.

कपिल टेंपो चालवायचा, गाड्यांची बऱ्यापैकी जाण होती. त्यानं बोनेट उघडलं, बॅटरीचा उजेड मारला, फडक्यानं पुसलं, परत बॅटरी मारली.

"आये, चासी नंबर नाय."

"नाय म्हणजे?"

"इंजिनमागचा हा पत्रा नंतरचा हाय. वेल्डिंग बघ. नंबर त्या जुन्या पत्र्यावर असणार, नंबराची पट्टी पन त्याच्यावरच. आन इंजिन तर शेठनी बदललंय. ही गाडी तीच हाय, याला पुरावाच नाय."

विठाबाई वाकून त्या पत्र्याकडे बघत राहिल्या.

धाकटे शेठ हातात मोबाइल घेऊन उभे होते. "मग प्रश्नच मिटला. नंबर नसलेली गाडी तुमच्या नावावर व्हायची नाही. रिसॉर्टला नंबर लागत नाही."

"अन् सापडला तर?" विठाबाईंनी विचारलं.

शेठ हसले. माळी उभा होता, सौदा जुळवणारा लोधिवलीचा मोरू उभा होता. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "पुढच्या शनिवारपर्यंत मूळ नंबर दाखवा, बाई. ठरल्या भावात गाडी तुमची. शब्द."

बाहेर आल्यावर मोरू टेंपोच्या खिडकीशी वाकला. "मावशी, कशाला जीवाला घोर? आरसी बुकात नंबर हायच. माझा एक मानूस हाय, तोच नंबर पत्र्यावर असा ठोकून देईल, वर जरा गंज चढवील, की पन्नास वर्षं जुना वाटंल. खोटं काय त्याच्यात? नंबर तर खराच."

कपिलनं आईकडे आशेनं पाहिलं.

"नंबर खरा," विठाबाई म्हणाल्या, "पन ठोकला कुनी आन कधी, ते खोटं. सकाळी ज्या तोंडानं पंचशील म्हनायचं, त्याच तोंडानं दुपारी हे म्हनू?"

"देवाधर्माचं वेगळं असतं, मावशी."

"तुझं असंल वेगळं. माझं तोंड एकच हाय."

टेंपो घरापाशी थांबला. विठाबाई आत न जाता दारासमोर उभ्या राहिल्या. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी त्या दाराला निळा ऑइलपेंट बसायचा. तीस-पस्तीस हात बसले असतील. वरच्या फळीवर रंगाखाली तळहाताएवढा चौकोनी उंचवटा होता. लहानपणापासून कपिलला वाटायचं, दाराला ठिगळ आहे.

"रंग खरवडायचा पत्रा आन, आन रॉकेल," विठाबाई म्हणाल्या.

रंगाचे पापुद्रे निघायला लागले. निळ्याखाली निळा, त्याखाली अजून निळा. शेवटी ॲल्युमिनियमची पट्टी उघडी पडली. तिच्यावर ठोकलेले आकडे.

कपिलनं आकड्यांवरून बोट फिरवलं. "बापानं पट्टी पळवलेली?"

"पळवली नाय. एकोननव्वद साली तो पत्रा सडला, म्हनून खोपोलीला बदलला. शेठ म्हनले, जुना टाक भंगारात. त्याच आठवड्यात आपलं रेशनकार्ड अडलेलं. घर गुरचरनाच्या सरकारी जमिनीवर, म्हनून नंबर नाय. नंबर नाय, म्हनून कार्ड नाय. तुझा बाप जुन्या पत्र्यावरनं पट्टी काढून घरी आला, चार खिळे मारले आन म्हनला, घे, नंबर. रेशनचा मानूस तपासायला आला, त्यानं विचारलं, घराला नंबर हाय का? बाप म्हनला, दारावर हाय, वाचा. त्यानं वाचला, लिहून घेतला."

त्यांनी ट्रंकेतून जुनं कार्ड काढलं. घर क्रमांकाच्या रकान्यात, निळ्या शाईत, फियाटचा चासी नंबर उतरलेला होता. सहा आकडे. अख्ख्या वस्तीत एवढा मोठा घर क्रमांक कुणाचाच नव्हता, आणि पस्तीस वर्षांत कुणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं.

मोरूला कळलं तसा तो धावत आला. "झकास. आता एकच करा. पट्टी डिकीत सापडली म्हना. घरात होती म्हनाल तर चोरीचा आळ येईल, शेठ तेवढ्यावर सौदा मोडतील."

"दारावर होती."

"मावशी, गाडी हातची जाईल."

"जाऊ दे. ह्यांनी उघड्यावर ठोकलीय. मी लपवू?"

शनिवार उजाडला. बंगल्याच्या पडवीत विठाबाईंनी पट्टी पुढे ठेवली आणि कुठं होती ते पहिल्या वाक्यातच सांगितलं.

धाकट्या शेठनी भुवया वर केल्या. "म्हणजे काकांच्या गाडीची वस्तू तुमच्या घरात. ही तर कबुलीच झाली. माझा शब्द चोरीच्या मालाला लागू नाही. पोलिसांत देऊ का?"

"द्या ना," विठाबाई म्हणाल्या, आणि पडवीच्या पायरीवर मांडी घालून बसल्या. कार्ड उघडून पट्टीशेजारी ठेवलं. "हा सरकारी कागद. तारीख वाचा. चोरीची वस्तू दारावर ठोकून सरकारच्या मानसाला वाचून दाखवत नाय कुनी. पोलीस येतील तवर मी हितं बसते. आज अष्टमी, मला दुपारनंतर जेवायचं नसतं, तेवा माझी घाई नाय. तवर तुमी बुकातला नंबर वाचा. तुमच्या तोंडानं."

आवाज नेहमीसारखाच, हळू. शेठना पुढे वाकून ऐकावं लागलं.

मोरूनं घसा साफ केला. "शेठ, पोलीस आले तर गाडी पुरावा म्हनून ठाण्याच्या आवारात जाईल. कळंबवाल्यांना फुलझाडं तिथंच लावावी लागतील."

माळ्यानं तोंडाला रुमाल लावला.

शेठ कार्ड चाळत राहिले, तारखेवर दोनदा बोट ठेवलं. मग आरसी बुक मागवलं. पहिला आकडा वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्याला त्यांचा आवाज उतरला. सहाही जुळले.

"शब्द सगळ्यांदेखत दिलता तुमी," विठाबाई म्हणाल्या. पुढे काही म्हणायची गरज पडली नाही. शेठनी विक्रीच्या कागदावर सही केली.

आरटीओच्या तपासणीच्या दिवशी तिथल्या साहेबांनी पट्टी उलटसुलट केली आणि विचारलं, "ही कुठं होती?"

"माझ्या घराच्या दारावर. एकोननव्वदपासनं."

साहेबांचं पेन थांबलं. "असंच लिहू?"

"जसं हाय तसं लिहा."

त्यांनी लिहिलं. मूळ नंबर रीतसर पुन्हा ठोकायची परवानगी मिळायला दोन महिने लागले. तोवर श्रावण आला होता.

गाडी न्यायला मायलेक पळसदरीला गेली तेव्हा शेडपुढे घोटाभर चिखल होता. कपिलनं मागचं दार उघडलं, मोठे शेठ बसायचे त्या बाजूचं. विठाबाईंनी सवयीनं चपला काढल्या, पाय पुसला, आणि एक पाय आत टाकून थांबल्या.

त्यांनी पाय परत बाहेर घेतला. चिखलानं भरलेल्या चपला पायात सरकवल्या, आणि तशाच आत जाऊन टेकून बसल्या.

"सीट खराब होईल गं आये," कपिल म्हणाला.

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "कर्जतला घे. दवाखान्यावरनं."